जमिनीची वाटणी

पिंपळगाव बसवंतला यंत्र कोणतंही बिघडो, निदान एकच: ‘अर्थिंग बघा.’ आमच्या पुतण्यानं द्राक्षबागेच्या ठिबकसाठी घरीच कंट्रोलर बनवला. पण पंप सुरू झाला की या गड्याची स्मृती जाई आणि तो पहिल्यापासून मोजू लागे. मणी फुगायच्या दिवसांत एक ओळ दोनदा भिजायची, दुसरी कोरडी राहायची. शेजारच्या अण्णांनी खड्ड्यात मीठ-कोळसा ओतायचा हुकूम सोडला.

“अण्णा, तो खड्डा माणसाला शॉक बसू नये म्हणून,” पुतण्या म्हणाला. “स्टार्टरच्या ठिणगीतली गडबड मेगाहर्ट्झमधली. १० मेगाहर्ट्झला मीटरभर तारच साठेक ओहमचा अडथळा करते. खड्ड्यापर्यंत पोचतंय कोण?”

मग मलाही शिकवणी मिळाली. गावाबाहेर गेलेलं पोरगं परत येईलच असं नाही. करंटला मात्र यावंच लागतं. संथ करंट बाजार आटोपलेल्या म्हाताऱ्यासारखा, सोप्या वाटेनं ऐसपैस पसरत येतो. घाईचा करंट मात्र बापाचं धोतर धरून चालणाऱ्या पोरासारखा, गेलेल्या रेषेच्या बरोब्बर खालून परततो. कारण तिथं जाण्यायेण्याचा फेरा सर्वांत लहान. फेरा मोठा झाला, की त्याचीच एरियल होते. गोंगाट पकडते आणि पसरवतेही. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभारली, ती रेडिओ-गोंगाट कमी असलेली जागा हेरून. इकडे आमच्या चिरंजीवांनी तळहाताएवढ्या बोर्डावर आकाशवाणीच काढली होती!

झालं होतं असं, की रिलेचा गोंधळ सेन्सरकडे नको, म्हणून त्यानं खालच्या तांब्याच्या पत्र्याचे दोन तुकडे केले होते. वरच्या रेषा मात्र खुशाल फटीवरून पलीकडे जात होत्या. परतणाऱ्या करंटला वळसा पडला. आपल्या आग्रा रोडवर डिव्हायडर झाल्यापासून समोरच्या दुकानातल्या काडेपेटीसाठी पुलाखालून जाऊन यावं लागतं, तसाच.

नव्या बोर्डात पत्रा अखंड ठेवला, रिले एका कडेला बसवले, चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचे केपॅसिटर लावले. आता पंप सुरू होतो आणि कंट्रोलर शुद्धीवर राहतो.

ग्राउंड म्हणजे शेवटी जमीनच. वाटणी केली की भांडण मिटतं, हा समज आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलाय. बांध पडला, पण विहीर एकच, रस्ता एकच, लग्नकार्यंही एकच. सगळी ये-जा बांधावरून, फक्त वळशानं आणि आवाज करत. बोर्डावरची वाटणी पुतण्यानं मोडली. शेतातल्या बांधाला कोणता केपॅसिटर लावायचा, ते मात्र त्याच्या पुस्तकात नाही.