पट्ट्याची मुदत

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील पाड्यांवर जाणे-येणे हा माझा नित्यक्रम. कधी किन्हवलीवरून सरळगाव, कधी टोकावडे, तर कधी डोळखांब. या वाटांसाठी आम्ही एक जुनी डिझेल गाडी विकत घेतली. मीटरवर ऐंशी हजार किलोमीटर दिसत होते. पण मध्यंतरी मीटरची केबल तुटलेली होती, असे मागाहून कळले.

मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारले, "फादर, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" मला सांगता येईना. "मग बदलूनच टाका," ते म्हणाले. त्या वर्षी वसतिगृहाच्या छपराचे काम निघाले होते. गाडी तर उत्तम धावत होती. मी तो खर्च पुढे ढकलला.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातील दातेरी रबरी पट्टा. क्रँकशाफ्टची गती तो कॅमशाफ्टला देतो आणि त्यामुळे व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडतात व मिटतात. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जागा फारच थोडी. धावत्या इंजिनात पट्टा तुटला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

जुलैतील एका रात्री, सर्पदंश झालेल्या मुलाला मी डोळखांबच्या बाजूने शहापूरला नेत होतो. वाटेत इंजिन एकाएकी बंद पडले. पुन्हा सुरू होईना. मुलाची आई माझ्याकडे पाहत होती. सुदैवाने मागून एक टेम्पो आला आणि त्यातून मुलगा रुग्णालयात पोहोचला. तो वाचला, पण रस्त्यावर गेलेली ती वीस मिनिटे माझ्या मनातून अजून गेलेली नाहीत.

इंजिनाचे हेड उतरवावे लागले. पट्ट्याच्या कितीतरी पट खर्च आला. मेस्त्रींनी मला दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "ब्रेक आवाज करतो, क्लच घसरतो. पट्टा बहुधा काहीच सांगत नाही, फादर."

तेव्हापासून काही गोष्टी मी शिकलो. कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मुदती असतात. जी आधी भरेल, ती खरी. गाडी उभी राहिली, तरी रबर म्हातारे होतच असते. ऑइलची गळती आणि धूळ त्याचे आयुष्य घटवतात. वरून पाहून पट्ट्याची खात्री देता येत नाही. पूर्वीची नोंद नसेल, तर मुदत संपली असेच धरावे. पट्टा बदलताना टेन्शनरही बदलावा. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल, तर तोही, कारण खोलण्याची मजुरी एकदाच पडते.

आता गाडीत एक वही असते. तीत तारीख आणि किलोमीटर लिहिलेले आहेत. यंदा किलोमीटर भरले नाहीत, पण वर्षे भरली. वसतिगृहाची मोटारही याच महिन्यात जळाली आहे. तरीही सोमवारी गाडी मेस्त्रींकडे सोडून मी एस.टी.ने परतलो.