सहा घन सेंटिमीटरचा हिशेब

गोव्याच्या डिचोली तालुक्यात नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी घालताना आणि पलीकडे दिवाडीला ती वर काढताना क्लचची खरी परीक्षा होते. मांडवी नदीला भरती-ओहोटी असते. पाण्याच्या पातळीबरोबर बोट वर-खाली होते आणि रॅम्पचा कोनही तासातासाला बदलतो. पुढच्या गाडीला बंपर लागता कामा नये, मागे रांग खोळंबलेली, आणि गाडी हाफ क्लचवर इंचाइंचाने सरकवायची. पेडण्यात केरी-तेरेखोलच्या फेरीवरही तेच. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाडीत हे सगळं काम चालतं ते चहाच्या चमच्याहून थोड्याशाच जास्त तेलावर. एका दाबात मास्टर सिलिंडरमधून बाहेर पडणारं तेल साधारण सहा घन सेंटिमीटर असतं.

ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करून घ्यायला येणारा मालक सहसा हौसेने येत नाही. गाडी जुनी झालेली असते, गिअरबॉक्स गेलेला असतो आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाला जाऊन भिडलेला असतो. मग मॅन्युअल गिअरबॉक्सचा शोध सुरू होतो. फ्लेक्सप्लेटच्या जागी फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग, गिअर लिव्हर, बदललेलं वायरिंग, या सगळ्यावर गॅरेजात तासन्‌तास चर्चा होते. क्लचची हायड्रॉलिक्स मात्र शेवटच्या दिवसावर टाकली जाते. एका गाडीचा मास्टर, दुसरीचा स्लेव्ह (फोर्क ढकलणारा खालचा सिलिंडर), मधली नळी जी मिळेल ती. माझ्या मते असं रूपांतर फसतं ते बहुतेक वेळा इथेच. गिअरबॉक्स ठणठणीत असतो, पण रिव्हर्स टाकला की करकरतो आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो.

आधी एक खुलासा. ज्या मॉडेलच्या मॅन्युअल आवृत्तीत कंपनीनेच केबलचा क्लच दिला आहे, तिथे हायड्रॉलिकचा हट्ट धरू नये. मारुती ८०० ने केबलवर सारा देश पालथा घातला. एएमटी गाड्यांची गोष्ट तर आणखी सोपी. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर हा प्रकार भारतात रुळला. त्यात गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम पंप, व्हॉल्व्ह आणि संगणक करतात. तिथे पायाची जागा यंत्राने घेतलेली असते, ती पायाला परत द्यायची. खरा टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर मात्र सगळं नव्याने उभारावं लागतं.

हायड्रॉलिक्सचं तत्त्व जुनं आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडलं. माल्कम लॉकहीडच्या हायड्रॉलिक ब्रेकमुळे १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांपर्यंत गेलं. क्लचला हवं तेही एवढंच, पण त्याला आकडे जुळावे लागतात.

समजा मास्टर सिलिंडरचा बोअर पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७ मिलिमीटर आहे आणि त्याचा पिस्टन ३० मिलिमीटर सरकतो. बाहेर पडलेलं तेल सुमारे ५.९ घन सेंटिमीटर. स्लेव्हचा बोअर पाऊण इंच असेल तर त्याचा पिस्टन जवळपास २१ मिलिमीटर पुढे येतो. फोर्कची तरफ दोनास एक धरली तर रिलीज बेअरिंग साडेदहा मिलिमीटर सरकतं. समजा या क्लचला पूर्ण सुटायला दहा मिलिमीटर पुरतात. मग जोडी जमली. आता जोराचं बघू. बेअरिंगवर १२० किलोचा भार हवा असेल तर स्लेव्हवर ६० किलो आणि तेलात दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाब लागतो. पेडलचं गुणोत्तर सहास एक असलं तर पायाला लागतात सातच किलो. दिवसभर शहरात फिरायला हा जोर सोसतो.

याच हिशेबात स्लेव्ह सात-अष्टमांश इंचाचा बसवा. पेडल हलकं होतं, मालक खूश होतो, पण बेअरिंग पावणेआठ मिलिमीटरवरच थांबतं. क्लच पूर्ण सुटत नाही आणि गाडी गिअरमध्ये ओढत राहते. उलट मास्टर पाऊण इंचाचा घेतला तर बेअरिंग पंधरा मिलिमीटर धावतं, प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची बोटं गरजेपेक्षा जास्त वाकतात आणि पेडल जवळपास दीडपट जड होतं. दोन्ही भाग नवेकोरे, नामांकित कंपनीचे, पेटीतून काढलेले असू शकतात. म्हणून भाग विकत घेण्याआधी व्हर्नियर कॅलिपर हातात घ्यावा. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा पूर्ण संच आणावा: पेडल बॉक्स, मास्टर, नळी, स्लेव्ह.

पेडल बॉक्स म्हटलं की फायरवॉल आली. इंजिन आणि केबिनमधला हा पत्रा ऑटोमॅटिक आवृत्तीत पुष्कळदा मास्टरच्या जागी नुसता बंद केलेला असतो. मॅन्युअलमध्ये तिथे असणारी जाड पट्टी कधी असते, कधी नसते. पट्टी नसेल तर प्रत्येक दाबाला पत्रा वाकतो. तो दोन मिलिमीटर वाकला तर मास्टरचे तीसपैकी दोन मिलिमीटर तिथेच गेले. सहकाऱ्याला पेडल दाबायला सांगून बॉनेटखाली बघितलं की वाकणं डोळ्यांना दिसतं. मागून मजबुतीची प्लेट बसवावी. बऱ्याच गाड्यांत क्लचचं तेल ब्रेकच्या टाकीतूनच येतं आणि त्याची तोटी टाकीच्या तळाच्या वर असते. क्लचची नळी गळली तरी ब्रेकपुरतं तेल खाली राहावं, ही त्यामागची सोय. काही ऑटोमॅटिक गाड्यांच्या टाकीला ती तोटी असते, पण तोंड बंद केलेलं. घाईत तळाजवळ नवं भोक पाडणारा माणूस ही सुरक्षाच काढून टाकतो.

डिचोली तालुक्यातल्या हातांना हे विषय परके नाहीत. खाणींवरून सारमानसच्या धक्क्याकडे खनिज नेणाऱ्या टिपरना क्लच बूस्टर असतो. पेडल तेल ढकलतं, ते तेल हवेचा व्हॉल्व्ह उघडतं आणि टाकीतली दाबाची हवा उरलेला जोर लावते. लाल धुळीत चालणारे असे बूस्टर उघडून, सील बदलून पुन्हा जोडणं हे खाणपट्ट्यातल्या मेकॅनिकचं रोजचं काम होतं. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा टिपर अंगणात उभे राहिले. ते कसब मात्र सहज पुसलं जात नाही. कारचा क्लच बसवणाऱ्या तरुणाने त्या पिढीकडून एअर काढायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण एअर हा या कामातला सगळ्यात चिवट शत्रू आहे. वर सांगितलेल्या दाबाखाली एक घन सेंटिमीटर हवा दाबली जाऊन जवळजवळ नाहीशी होते, म्हणजे सहापैकी एक भाग तेल वाया. ‘मार, मार, धरून ठेव’ म्हणत दोघांनी ब्लीडिंग केलं तरी स्लेव्ह उलटा बसला असेल तर उपयोग नाही. ब्लीडिंगची निप्पल सगळ्यात उंच जागी हवी. नळीला मध्येच कमान आली तर हवा तिथे दडते. नळी सायलेन्सरच्या तापलेल्या पाईपपासून लांब न्यावी आणि इंजिन हलतं म्हणून शेवटचा तुकडा लवचीक होजचा ठेवावा.

आणि पेडल व मास्टरच्या मधल्या पुशरॉडला मिलिमीटरभर मोकळीक द्यावी. ती नसेल तर पाय काढल्यावरही मास्टरमधलं परतीचं छिद्र बंद राहतं. तेल तापून फुगतं, त्याला टाकीकडे वाट नसते आणि क्लच आपोआप किंचित दाबलेला राहतो. सकाळी गाडी छान चालते आणि चोर्ला घाटात क्लच घसरू लागतो. लोक क्लच प्लेट बदलतात!

तेल डॉट ३ किंवा डॉट ४, टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच. ग्लायकोलवर आधारलेली ही तेलं हवेतली ओल शोषतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. चार महिने पाऊस झेलणाऱ्या पेडणे-डिचोलीत फोडलेला डबा पुढच्या कामासाठी फळीवर ठेवू नये, आणि दर दोन वर्षांनी तेल बदलावं. इंजिन ऑईलचा थेंबही यात चालत नाही, त्याने रबरी वॉशर फुगतात.

काम सुरू करण्याआधी वाहतूक खात्याच्या कार्यालयात जाऊन यावं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना नकार दिला. लेखी परवानगी हातात आल्यावरच गिअरबॉक्स उतरवावा आणि विमा कंपनीलाही कळवावं.

गाडी मालकाच्या हाती देण्याआधी चाचणी दोनदा घ्यावी, एकदा थंड इंजिनवर आणि एकदा घाट चढून आल्यावर. सपाटीवर उभं राहून पेडल पूर्ण दाबावं, तीन सेकंद थांबावं आणि रिव्हर्स टाकावा. आवाज न होता गिअर पडला तर स्लेव्हचा पिस्टन किती सरकतो ते मोजून गाडीच्या वहीत लिहून ठेवावं. पुढच्या मेकॅनिकला तो आकडा लागतो.