मोठ्या आईचा तांब्या

शाळामास्तराच्या नशिबी एक अपमान ठरलेला असतो. ज्या पोरांना त्याने पाढे शिकवलेले असतात, त्यांतलेच एखादे पोर पुढे त्याला शहाणपण शिकवू लागते आणि मध्येच थांबून विचारते, "कळलं ना?" हे 'कळलं ना' आपण स्वतः तीस वर्षे दुसऱ्यांना विचारलेले असते. त्यातली मेख आपल्याला पक्की ठाऊक असते. ज्याला तो प्रश्न विचारावा लागतो, त्याला काही कळलेले नसते!

माझ्या बाबतीत हे पोर परके नाही, घरचेच आहे. माझी धाकटी लेक पुण्याला चिपा आखण्याचे काम करते. चिप म्हणजे बटाट्याची नव्हे, सिलिकॉनची. तिच्या या नोकरीचे वर्णन धाराशिवात कसे करावे, हा आमच्या सौभाग्यवतींपुढला मोठाच पेच आहे. "मोबाइलच्या कंपनीत आहे" एवढे सांगून तिने एकदा तो सोडवला. परिणाम असा झाला, की लेक दिवाळीला घरी आली रे आली, की गल्लीतले झाडून सारे बिघडलेले मोबाइल आमच्या ओसरीवर दुरुस्तीला येतात. ती बिचारी हसते आणि म्हणते, "काकू, मला यातलं काही येत नाही हो." काकूंची खात्री पटते, की पोरगी शिकली, पण कामाला आली नाही.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, जेवण अंगावर आलेले असताना मी तिला म्हटले, "बाई, तू नक्की करतेस तरी काय, ते एकदा मला सांग. मी विज्ञान शिकवलेले आहे." हे शेवटचे वाक्य मी का म्हटले कोण जाणे. माणसाला आपली जुनी पदवी नको तिथे आठवते.

तिने आपला फोन टेबलावर पालथा घातला आणि मागच्या भिंगावर बोट ठेवले.

"या भिंगाच्या मागं नखाएवढी सिलिकॉनची चकती आहे. तिच्यावर सुमारे 5 कोटी बारीक विहिरी आहेत असं समजा. एका केसाच्या रुंदीत अशा सत्तर-ऐंशी विहिरी मावतील. उजेड पडला की प्रत्येक विहिरीत थोडे इलेक्ट्रॉन साचतात. जिथं उजेड जास्त, तिथं ते जास्त. कुठल्या विहिरीत किती साचले हे मोजलं, की झालं चित्र."

"मग यात तुझं काम कोणतं?"

"मोजण्याचं. अंधारात एकेका विहिरीत पाचदहाच इलेक्ट्रॉन असतात. आणि मोजणारं सर्किट स्वतःच गप्प बसत नाही. ते गरम असतं, कुजबुजत असतं. त्या कुजबुजीतून पाच इलेक्ट्रॉनांचा आवाज वेगळा काढायचा. हे ज्याला जमलं त्याचा कॅमेरा चांगला."

आणि मग तिने एक युक्ती सांगितली. ती ऐकून मला माझ्या लहानपणचा तेली आठवला. बरणीत तेल घालण्याआधी तो रिकामी बरणी तागडीत ठेवून तिचा धडा करी. मग तेल ओतून पुन्हा तोली. पहिल्या आणि दुसऱ्या तोलातला फरक तेवढे तेल. बरणीला पोचा असो, चिखल लागलेला असो, तेलाच्या हिशेबात तो येत नसे. ही मुले नेमके तेच करतात! प्रत्येक विहीर आधी रिकामी मोजतात, मग भरल्यावर मोजतात आणि वजाबाकी करतात. सर्किटची बरीचशी खोट त्या वजाबाकीत गळून जाते. अमेरिकेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतराळयानांवरचे कॅमेरे हलके व्हावेत म्हणून 1990 नंतरच्या काही वर्षांत या जातीचे सेन्सर घडवले. यानासाठी केलेली वस्तू आता प्रत्येकाच्या सदऱ्याच्या खिशात आहे.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "हे." तिने फोन आडवा केला. पडद्यावरचे चित्रही आडवे झाले. "याला कसं कळलं?"

मी मास्तरी अब्रू राखण्यासाठी म्हणालो, "गुरुत्वाकर्षणामुळे."

"बरोबर. पण ते मोजतं कोण? आत सिलिकॉनचंच एक इवलंसं वजन आहे, केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं. त्याला फणीसारखे दात आहेत आणि ते दुसऱ्या, पक्क्या बसवलेल्या फणीच्या दातांत न टेकता घुसलेले आहेत. फोन हलला की वजन मागं रेंगाळतं, दातांमधलं अंतर बदलतं. दोन दातांचा मिळून झाला कंडेन्सर. अंतर बदललं की त्याची धारिता बदलते. तेवढा बदल आम्ही मोजतो. कधीकधी हे दात एका अणूच्या आकाराहूनही कमी सरकतात."

एस. टी. अचानक सुटली की उभे प्रवासी मागे कलंडतात, हे जडत्वाचे उदाहरण मी फळ्यापुढे किती वर्षे दिले होते! त्या प्रवाशाला टाचणीच्या टोकाएवढे करून फोनमध्ये बसवता येईल, हे मात्र माझ्या स्वप्नातही आले नव्हते. मोटारीतली हवेची पिशवी अपघाताच्या क्षणी फुगवण्यासाठी ही यंत्रे प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आली, तीही 1990 नंतरच्या त्याच काही वर्षांत.

"पण कठीण काय असतं ठाऊक आहे?" ती पुढे म्हणाली. "हे वजन सारखंच हलत असतं. खिशात हलतं, टेबलाला धक्का लागला की हलतं, रस्त्यानं ट्रक गेला की हलतं. यातलं कुठलं हलणं खरं मानायचं, ते ठरवावं लागतं. त्या रेषेला आम्ही थ्रेशोल्ड म्हणतो. म्हणजे उंबरठाच. तो खाली ठेवला तर मांजर गेलं तरी घंटा वाजते. वर ठेवला तर चोर आत आला तरी वाजत नाही."

तिने मांजर हा शब्द सहज वापरला होता. पण माझी सुपारी तोंडातच राहिली.

आमचे मूळ गाव सास्तूरच्या बाजूला. तेव्हा ते उमरगा तालुक्यात मोडे आणि जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. गावात आमचे जुने माळवदाचे घर होते. दोन-दोन हात रुंदीच्या दगडामातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात माठात बसल्यासारखे गार वाटते. पावसाळ्यापूर्वी गळती बुजवायला दर वर्षी वर थोडी माती चढवायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. चढवलेली माती उतरवायची रीत मात्र नव्हती. त्या घरात माझी मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, एकटी राहत असे.

1992 च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या बाजूला जमीन गुरगुरू लागली. ऑक्टोबरात तर चांगलाच धक्का बसला. त्यानंतर आठवड्याभरात दिवाळी होती. मी गावी गेलो, तेव्हा मोठ्या आईच्या कोनाड्यात पितळेचा एक तांब्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवलेला दिसला. मी विचारले, तर म्हणाली, "राती भुई हलली का नाही, ते सकाळी कळतं बाळ. हलली आसली तर पाणी सांडलेलं आसतंय."

मी हसलो. "मांजर लागलं असेल, मोठे आई."

"मांजर लागलं तर तांब्या पडतोय. नुसतं पाणी सांडत न्हाई."

आज मला वाटते, इतके शास्त्रशुद्ध उत्तर मला वर्गात एकाही विद्यार्थ्याने दिले नव्हते. पण माझ्याकडे पुस्तक होते. दख्खनचे पठार हा स्थिर भूभाग, असे त्यात छापलेले होते. भूकंपाच्या सरकारी नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप मला माहीत होता, पण तिथे धरण आहे, इथे काय आहे, असे म्हणून मी तो बाजूला सारला. मोठ्या आईने माझे व्याख्यान ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "तुझं खरं आसंल. पण माळवदावरली माती जरा हलकी करून दे. लई वजं झालंय वर."

मी म्हटले, उन्हाळ्यात बघू. उन्हाळ्यात गेलो. घर गळते, अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. गडी लावले, आणि माती उतरवायची सोडून मी आणखी एक थर चढवून आलो. ती काही बोलली नाही. गड्यांना तिने चहा करून दिला.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावे गणपती बोळवून निजलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावे जमीनदोस्त झाली. जवळजवळ 10 हजार माणसे गेली. त्यांतली पुष्कळशी भूकंपाने नव्हे, आपल्याच घराच्या दगडमातीने मारली. मोठी आई त्यांतच होती. चौथ्या दिवशी आम्हांला तो तांब्या सापडला.

हे सारे मी लेकीला सांगितले. तोवर ते मी कोणालाच सांगितले नव्हते. आतल्या कपाटात पोचा पडलेला एक तांब्या आहे, एवढे तिला लहानपणापासून माहीत होते. तो कोणाचा, हे तिला त्या दिवशी कळले.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, 1992 च्या धक्क्यांवरून 1993 चा भूकंप सांगता आला असता, असं कुणी म्हणालं तर खोटं आहे. भूकंप कधी होणार हे आजही कुणाला सांगता येत नाही."

खरे सांगतो, मला बरे वाटले. बत्तीस वर्षे ज्याची वाट पाहत होतो, ते निर्दोष सुटल्याचे पत्र हातात पडल्यासारखे वाटले. पण ही मुले वजाबाकी पुरी केल्याशिवाय थांबत नाहीत.

"पण," ती हळूच म्हणाली, "भूकंप कधी होणार, असं त्यांनी तुम्हाला कुठं विचारलं होतं? त्यांनी माती उतरवायला सांगितली होती."

मी काही बोललो नाही.

"आम्ही उंबरठा ठरवताना दोन प्रश्न विचारतो. खोटी हाक खरी मानली तर काय जाईल? आणि खरी हाक खोटी मानली तर काय जाईल? पावलं मोजणाऱ्या घड्याळात एक पाऊल हुकलं तर काही बिघडत नाही. हवेच्या पिशवीचं तसं नाही. ती उगाच फुगली तरी माणूस दुखावतो, नाही फुगली तर मरतो. तिथं फार जपून रेषा ओढावी लागते."

मोठ्या आईचा हिशेब तर किती सोपा होता! तिची हाक खोटी ठरली असती, तर दोन गड्यांची मजुरी गेली असती आणि पावसाळ्यात दोन घमेली गळतीखाली ठेवावी लागली असती. मी मात्र हाक खरी की खोटी, एवढ्यावरच वाद घालत बसलो. चुकलो तर काय जाईल, हे विचारलेच नाही.

मी विषय बदलावा म्हणून म्हटले, "आता तुमची यंत्रं आहेत. आता असं होणार नाही."

तिने मान हलवली. अँड्रॉइडचे फोन या इवल्या वजनांच्या जोरावर भूकंपाची चाहूल घेतात आणि पुढच्या गावांना लाटा पोचण्याआधी इशारा देतात, ही सोय भारतात 2023 पासून आहे. पण 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानात 7.8 प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा या यंत्रणेला तो फारच लहान वाटला. ताबडतोब जीव वाचवा, असा कडक इशारा लाखो लोकांना जायचा, तो 469 फोनांना गेला. पुढे कंपनीने ते मान्य केले आणि हिशेबाची रीत सुधारली. "आणि बाबा, किल्लारी-सास्तूरसारखं, अगदी पायाखालीच झालं, तर इशारा पोचायला वेळच नसतो. लाटा दोन-चार सेकंदांत घरात आलेल्या असतात. तिथं फोन उपयोगाचा नाही. तिथं भिंत आणि छप्पर."

एवढे बोलून तिने फोन उचलला आणि चहा टाकायला आत गेली. जाताना "कळलं ना?" असे तिने विचारले नाही.

सौभाग्यवतींचे माहेर तुळजापूर तालुक्यात आहे. तिथले जुने घर माळवदाचेच आणि माझा मेहुणा सहकुटुंब अजून तिथेच राहतो. या उन्हाळ्यात मी न बोलावता तिथे गेलो. जावई न बोलावता आला, की सासुरवाडीला जरा संशयच येतो. मी माळवदावर चढलो आणि एका कोपऱ्यात खणून पाहिले. हात कोपरापर्यंत आत गेला. किती पिढ्यांचे पावसाळे तिथे एकावर एक रचलेले होते!

"दाजी, माती काढली तर गळंल की!" मेहुणा म्हणाला.

"गळू दे," मी म्हटले.

चार गडी, तीन दिवस. बरीचशी माती खाली आली. तुळयांवर फळ्या नीट केल्या, प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला आणि त्यावर वीतभरही नाही अशी माती पसरली. मजुरी मी दिली. मेहुण्याला वाटले, दाजींचे वय झाले. सौभाग्यवतींना काय वाटले ते त्यांनी सांगितले नाही. पण परत येताना एस. टी.त त्या म्हणाल्या, "तो तांब्या आता कपाटात कशाला? घासून देवापाशी ठेवते."

आषाढात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, सांगत हुतो न्हवं? माजघरात दोन ठिकाणी गळतंय बघा."

मी म्हटले, "घमेली ठेवा. पुढल्या उन्हाळ्यात येतो."