वाघळांचे काय करायचे?



आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. तिथल्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या, असे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ साली सांगितले. त्याच दिवसांत पोलादपूरकडील एका वाडीत लोक गुहेच्या तोंडाशी पेंढा पेटवायला निघाले. मी अडवले. एक आजी म्हणाल्या, "सायेब, नातवाला काय झालं तर?"

भीती खोटी नव्हती. मी म्हणालो, "आजी, धुराने वाघळे पांगतील आणि आपल्याच माळ्यावर येतील."

विषाणू जुनेच, तपासणी नवी. २०१० साली राज्यातल्या वाघळांत याच संस्थेला एक विषाणू मिळाला. त्याची जनुके वाचली, तेव्हा तो अगदी नवा ठरला. नाव दिले मालसूर. पण विषाणू सापडला म्हणजे साथ आली, असे नव्हे.

तेव्हा गुहेत शिरू नका. वाघळांनी उष्टावलेले फळ खाऊ नका. मेलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नका. मात्र त्यांना जाळू नका. रानात बी तीच पेरतात.

आजींनी काड्यापेटी कनवटीला खोचली. पुढच्या खेपेस नातवाने उष्टा आंबा मला दाखवून पुरला.