निमुळता धूर

विडीची चव तंबाखूइतकीच पानातही असते. मनोरच्या मस्तान नाक्यावर उभं राहिलं की हे नाकालाच कळतं. अहमदाबाद महामार्गावरून उतरलेले ट्रकवाले, पालघरहून विक्रमगडकडे निघालेली माणसं, बाजार आटोपून परतीची गाडी शोधणारे वारली म्हातारे यांतला कुणीतरी टपरीपाशी काडी ओढतो, आणि डिझेलच्या नि भज्यांच्या वासातून एक निराळाच वास वर येतो. सुका पाला पेटल्याचा. सिगारेटला हा वास नसतो. मी ओढत नाही, पण हा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे, आणि तो असा का, याचा माग काढताना मी विडीच्या आकारापाशी येऊन थांबलो.

गणित शाळेतलंच आहे. गोल वस्तूची जाडी दुप्पट केली की घेर दुप्पट होतो आणि पोट चौपट. सिगार जाड असेल तर आतल्या तंबाखूचं राज्य, बारीक असेल तर वरून गुंडाळलेल्या पानाचं. सिगारवाले जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात: कोरोना 42, रोबुस्टो 50, लान्सेरो 38. जाणकार लान्सेरो उचलतात ते बरेचदा वरच्या पानाच्या चवीसाठीच. लांबीचा परिणाम वेगळा. लांब सिगारचा धूर वाटेत निवतो आणि तोंडाशी मऊ होऊन येतो. सिगार सरत आली की तोच धूर गरम आणि कडू लागतो, कारण आधीच्या झुरक्यांतला चिकटा उरलेल्या तुकड्यात साचलेला असतो.

हेच गणित विडीला लावून पाहा. सिगारेटीत पाऊण ग्रॅमच्या आसपास तंबाखू असतो. विडीत त्याचा तिसरा-चौथा हिस्सा. मोठ्या सिगारीत तर सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू मावतो. एवढ्याशा जर्द्याभोवती विडीत वनातलं पान फिरलेलं असतं, म्हणून जळतं ते पानही तेवढंच. शिवाय विडी सरळ नळी नव्हे. पेटवायचं टोक रुंद, ओठांकडचं निमुळतं. निखारा मागे सरकेल तसा तंबाखू कमी होत जातो आणि त्याच्या मानाने पान वाढत जातं. पहिल्या झुरक्यात जर्दा, शेवटच्या झुरक्यात जंगल. त्यात निखारा ओठांशी आलेला, धुराला निवायला अंतर उरलेलं नाही. विडी शेवटी घशाला लागते ती अशी.

मनोरच्या पाड्यांवर तयार विड्यांचा कट्टा येण्याआधीची विडी ज्यांनी ओढली आहे, अशी फार थोडी माणसं आता उरली. ओळखीच्या एका वारली बाबांनी मला ती वळून दाखवली होती. पान आपट्याचं, दसऱ्याला आपण सोनं म्हणून देतो तेच. त्यांनी ते तळव्यावर पसरलं, चिमूटभर तंबाखू भुरभुरला आणि अंगठ्याने एकदाच फिरवलं. आपट्याचं पान आखूड, म्हणून विडीही आखूड. चार दमांत संपणारी. किती ओढायचं ते झाडानेच ठरवून दिलेलं. चव कशी, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "दुकानाची तिखट लागते, ही हिरवी लागते." धुराची याहून नेमकी पारख मी ऐकलेली नाही.

गुजरातेतही आधी हेच पान चालत असे. 1899 च्या दुष्काळात तिकडून पोटासाठी निघालेली माणसं जबलपूरच्या मुलखात गेली, तिथे त्यांना तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी, मिळाली. पान मोठं, वळवलं तरी न फाटणारं, सुकल्यावरही आकार धरणारं. मग कात्री आली, पत्र्याचा साचा आला, आणि सगळ्या विड्या एका मापाच्या झाल्या. सिन्नरच्या घराघरांतून बायकांनी त्याच मापाने पिढ्यान् पिढ्या पानं कापली. पान भिजवायचं, कापायचं, जर्दा भरून वळायचं, तोंड नखाने मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. त्या बोटांना आकार इतका पाठ असतो की नजर दारातल्या पोराकडे आणि हात सुपात चालू. हातांचं एवढं कसब आणि त्याला एवढं थोडं मोल, हे मला कधीच पटलेलं नाही. श्वासातून तंबाखूची धूळ आत जाते ती वेगळीच.

तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर आला तो पोर्तुगीजांबरोबर. मनोर आणि समोरचा अशेरीगड चिमाजीअप्पांच्या 1737 ते 1739 च्या मोहिमेपर्यंत त्यांच्याच ताब्यात होते. म्हणजे या परक्या पानाची आणि आपल्या रानातल्या पानांची ओळख जुनी आहे. गोव्यात त्याला फणसाचं पान भेटलं आणि धुमटी झाली, विडीपेक्षा मोठी, शंकूसारखी. तिथल्या काही बायका ती उलटी ओढत, पेटलेलं टोक तोंडात धरून. डॉक्टरांनी त्यांच्या टाळूवर त्या आचेच्या खुणा पाहिल्या आणि नोंदवून ठेवल्या. आकार आणि धरण्याची रीत शरीरावर अशी उमटते.

विडीचंही तेच. तेंदूच्या पानातून सिगारेटच्या कागदासारखी हवा शिरत नाही, त्यामुळे विडी विझायला टपलेली असते. तिला जिवंत ठेवायला माणूस घाईघाईने, खोल दम मारतो. एका सिगारेटीला जेवढे झुरके लागतात त्याच्या दुप्पट-तिप्पट एका विडीला लागतात. तंबाखू पाव, पण डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून कमी नाही, उलट जास्तच. "विडी काय, बोटभर तर आहे," असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. ती बोटभर आहे, निमुळती आहे, घट्ट पानात बंद आहे, म्हणूनच तर छातीतून एवढा दम ओढून घेते.

तुमच्या घरात असा बोटभर विडीवर भरवसा ठेवून बसलेला कुणी आजा, मामा किंवा बाप असेल, आणि त्याचा खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला असेल, तर त्याला समजावत बसू नका. बाजाराच्या दिवशी मनोरला याल तेव्हा सोबत आणा, आणि आधी ग्रामीण रुग्णालयात नेऊन त्याची छाती आणि थुंकी तपासून घ्या.