सात वर्षांच्या मुलीची भेट

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातल्या गावांत ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेलीच असते. भांडीकुंडी, बाजरीचं पोतं, कोंबड्या, लहान लेकरं, सगळं घेऊन माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरच गावाकडे येतात. माझे आईवडीलही असेच जायचे. शाळा बुडू नये म्हणून मला तिसगावात आजीजवळ ठेवायचे.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, संसाराला लागले. पण दिवाळीच्या आसपास भरलेला ट्रॅक्टर रस्त्याने जाताना दिसला की हातपाय गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. लहानपणी याच त्रासासाठी आजीने मढीला कानिफनाथांच्या गडावर नेऊन अंगारा लावला होता. मोठेपणी ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. शेवटी नगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. दुसरा काही आजार नाही याची त्यांनी खात्री करून घेतली, काही काळ गोळ्या दिल्या आणि एका चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं.

संमोहनाने मागच्या वयात नेता येतं, हे मी ऐकून होते. मला घाई होती, बाईंना नव्हती. आधी कितीतरी दिवस त्या फक्त बोलत होत्या, श्वासाचे व्यायाम करून घेत होत्या. संमोहन म्हणजे झोप नव्हे, तुम्हाला सगळं ऐकू येईल, वाटेल तेव्हा डोळे उघडता येतील, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मन थाऱ्यावर येईल अशी एक जागा मला निवडायला लावली. मी आजीची ओसरी निवडली, जात्याजवळची, पिठाचा वास येणारी. भीती वाढली तर उजव्या हाताचा अंगठा उचलायचा, की त्या थांबणार, असं ठरलं. ज्याला भास होतात, ज्याचा वास्तवाशी धागा सुटलाय, त्याच्यावर हा प्रयोग करायचा नसतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

आणि एक गोष्ट त्यांनी आधीच बजावली: "जे दिसेल ते तसंच घडलं होतं, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही धरून चालू नका." मार्टिन ऑर्न या संशोधकाने 1951 साली संमोहनातून सहा वर्षांच्या वयात नेलेल्या माणसाची चित्रं त्याने खरोखर सहाव्या वर्षी काढलेल्या चित्रांशी ताडून पाहिली होती, ती जुळली नाहीत. मोठा माणूस लहान मूल कसं असेल याची कल्पना करतो आणि ती त्याला स्वतःलाच खरी वाटते. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही 1985 साली सांगितलं की संमोहनाने आठवणी जास्त अचूक होत नाहीत.

त्या दिवशी मी खुर्चीत टेकून बसले, पावलं फरशीला टेकवलेली. बाई आकडे मोजत होत्या. हळूहळू वेस दिसली, अंधूक उजेड, सामान लादलेली गाडी. मी सात वर्षांची, अनवाणी, गाडीमागे धावतेय. आई गाडीवर पाठमोरी बसलीय. ती मागे वळत नाही.

बाईंनी विचारलं, "आता काय दिसतंय?" एवढंच. आईने तुला ढकललं का, तुझ्यावर कुणी हात उगारला का, असलं काही त्यांनी तोंडात घातलं नाही. माझा श्वास चढला, अंगठा उचलला गेला. त्यांनी लगेच ओसरीवर परत आणलं. जरा वेळाने म्हणाल्या, आजच्या तुम्ही, मोठ्या झालेल्या, त्या पोरीजवळ जाता का? मी गेले. तिला कडेवर घेतलं आणि सांगितलं, आई परत येते, दर वर्षी येते, मला माहीत आहे. मी हुंदके देऊन रडले. उठण्याआधी बाईंनी आजची तारीख, माझं वय, मुलांची नावं माझ्याकडून वदवून घेतली, पाणी दिलं आणि मी नीट बोलू लागेपर्यंत जाऊ दिलं नाही.

पुढच्या सुट्टीत आईला विचारलं, "तू मागं का पाहिलं नाहीस?" ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "अगं, तू वेशीत कुठं आलीस? तू झोपलेली व्हतीस. रडशील म्हणून आम्ही तुला उठिवलंच न्हाई. पहाटंच निघालो."

म्हणजे ते धावणं झालंच नव्हतं. जागी झाल्यावर रिकामं अंथरूण पाहिलेल्या पोरीचं दुःख मात्र खरं होतं, आणि उपचार त्या दुःखावर झाला होता. बाईंनी आधी बजावलं नसतं, तर मी आईवर पाठ फिरवल्याचा आरोप ठेवून बसले असते. आता ट्रॅक्टर दिसला की छातीत हलतं, पण श्वास अडत नाही.

माझ्या एका सहकारी बाईंच्या वाट्याला उलटं आलं. एका शिबिरात सभागृहभर माणसांना एकदम 'मागच्या जन्मात' नेलं गेलं. तुम्हाला सासूने विहिरीत ढकललं होतं, असं त्यांना सांगण्यात आलं. नंतर कुणी चौकशीही केली नाही. त्या घरी येऊन कित्येक महिने सासूशी बोलल्या नाहीत. असल्या शिबिरांचा मला मनापासून राग येतो. दुखऱ्या माणसाच्या मनात खोटी आठवण पेरणं हा उपचार नव्हे.

म्हणून माझी विनंती आहे. डोळे मिटण्याआधी समोरच्याला विचारा, तुमचं शिक्षण काय, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, मी थांबा म्हटलं तर थांबणार का. उत्तर देताना तो चिडला तर उठून या. आणि कुठे जावं हेच सुचत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.