आधी पेटी, मग बिऱ्हाड

आमच्या वडिलांची नोकरी बदलीची. दर तीन वर्षांनी हुकूम यायचा आणि आमचे बिऱ्हाड उठायचे. धुळे, सोलापूर, रत्नागिरी, पुन्हा सोलापूर. प्रत्येक गावी भाड्याचे घर, नवा घरमालक आणि घराचे नवे दुखणे. कुठे पाण्याची बोंब, तर कुठे गळकी कौले. पण सामान हलवण्याचा आईचा शिरस्ता कधी बदलला नाही. सर्वांत आधी घराबाहेर पडायचे देव, त्यांच्यामागून लोणच्याची बरणी आणि तिसरी एक हिरवी पत्र्याची पेटी. पलंग, कपाट, भांडीकुंडी यांचा नंबर त्यानंतर.

त्या पेटीत सोनेनाणे नव्हते. वडिलांची सर्टिफिकिटे, आम्हा भावंडांचे जन्माचे दाखले, आजोबांची पत्रे आणि चार-दोन फोटो, एवढाच ऐवज. ही पेटी आईने कधीही माळ्यावर ठेवली नाही. ती कायम तिच्या खाटेखाली असायची. मी एकदा कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, माळा मालकाचा. घर गळलं, पडलं, सोडावं लागलं, तर माळा का बरोबर नेता येतो? पेटी उचलली की आपण मोकळे."

हे मी या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले. त्याचा अर्थ कळायला माझे केस पिकावे लागले, आणि घरात संगणक यावा लागला.

संगणक म्हणजे तरी काय? एक भाड्याचे घरच. त्याचा मालक म्हणजे विंडोज. हे मालक सी नावाच्या ड्राइव्हवर राहतात. (ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉप्या गेल्या, पण मालकांनी आपला नंबर काही पुढे सरकवला नाही.) मालकांच्याच घरात 'यूझर्स' नावाचा एक जिना आहे आणि त्या जिन्यावर घरातल्या प्रत्येकाची एकेक खोली. खोलीत आपले डेस्कटॉप, आपले डॉक्युमेंट्स, फोटो, गाणी आणि डाउनलोड्स नावाची अडगळ. शिवाय आत एक चोरकप्पाही असतो. त्यात आपल्या साऱ्या सवयी लिहून ठेवलेल्या असतात. आपण समजतो, ही खोली आपली. पण ती असते मालकाच्या भिंतीतच. मालकाने घर पाडून नवे बांधायचे ठरवले, की भिंतीबरोबर खोलीही जाते.

हे ज्ञान मला २०१४ साली झाले, आणि फी जबर पडली. त्या वर्षी ८ एप्रिलला विंडोज एक्सपीचा आधार कंपनीने काढून घेतला. आमचा संगणक आधीच धापा टाकत होता. मी तो उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने रीतसर विचारले, "काका, सी फॉरमॅट करतो. डीमधलं जसंच्या तसं राहील. सीमध्ये तुमचं काही आहे का?"

"छे!" मी ठणकावून सांगितले. "सीमध्ये मी कधी गेलोच नाही."

यात एक अक्षर खोटे नव्हते. मी खरोखरच कधी सी उघडून पाहिला नव्हता. मी फक्त डेस्कटॉपवर फोटो ठेवत होतो. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग. तो सीच्या पोटात असतो हे मला कोण सांगणार? एक्सपीच्या काळात तर त्या जिन्याचे नाव 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' असे भारदस्त होते. संगणक लखलखीत होऊन घरी आला. टेबलही लखलखीत होते. चिरंजीवांच्या मुंजीचे सारे फोटो गेले होते. मातृभोजनाचा एक फोटो मेव्हण्याकडे निघाला. त्यात मुंजमुलाची पाठ तेवढी दिसते.

सौ. मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते. आईने मात्र चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "पेटी माळ्यावर ठेवली होतीस ना?"

माणूस ठेच लागल्यावर शहाणा होतो असे म्हणतात. मी अर्धाच झालो. २०१९ साली नवा संगणक घेतला तेव्हा मी डीवर 'महत्त्वाचे' असे एक फोल्डर केले, आणि त्यात महिनाभर नेमाने फोटो ठेवले. पुढे आळस जिंकला. त्याच संगणकावर शहात्तराव्या वर्षी आई मराठी टाइप करायला शिकली. "मला वेगळी खोली करून दे," असे तिने नातवाला सांगितले. त्याने 'आई' या नावाचे खाते उघडून दिले. आजी असताना 'आई' का, असे मी विचारले. तो म्हणाला, "आजीनंच सांगितलं. घरात मला सगळ्यात जास्त वर्षं त्याच नावानं हाक मारलीय म्हणाली." रोज दुपारी तासभर ती एका बोटाने काहीतरी लिहीत बसे. काय लिहितेस असे विचारले, की "हिशेब" म्हणे. २०२३ साली ती गेली. तिची खोली तशीच राहिली. संगणक सुरू केला, की आमच्या दोन नावांच्या खाली तिचे नाव दिसे. ते काढून टाकावे असे कुणालाच वाटले नाही.

मग आले २०२५ साल. १४ ऑक्टोबरला विंडोज दहाचाही आधार संपला. दिवाळी आठवड्यावर आलेली. घराची झाडझूड चालली होती, त्यात चिरंजीवांनी संगणकही उघडला. नवे विंडोज नव्या, लहान पण चपळ ड्राइव्हवर बसवायचे आणि जुनी मोठी डिस्क डी म्हणून शेजारी ठेवायची, असा बेत ठरला.

"बाबा, या वेळी नुसतं सामान नाही, सगळ्या खोल्याच डीवर बांधू," तो म्हणाला.

त्याची युक्ती ऐकून मी थक्क झालो. विंडोज बसवून झाल्यावर ते आपल्याला प्रथम देश विचारते, मग नाव विचारते. नाव सांगितले की खोली तयार होते, आणि ती सीवरच होते. म्हणून नाव सांगायच्या आत कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबायच्या. मग विंडोज एका आतल्या अवस्थेत जाते. तिला 'ऑडिट मोड' म्हणतात. पाहुणे यायच्या आधी कारागिरांसाठी घर उघडे ठेवावे, तसे हे. तिथे 'सिसप्रेप' नावाच्या कारागिराच्या हातात एक चार-सहा ओळींची फाइल द्यायची. 'यापुढे सर्वांच्या खोल्या डीवर बांधाव्यात' असे तीत लिहिलेले असते. या फाइलला त्यांच्या भाषेत उत्तरपत्रिका म्हणतात! परीक्षेच्या आधी लिहिलेली उत्तरपत्रिका मी आयुष्यात प्रथमच पाहिली.

"ही कल्पना काही नवी नाही," चिरंजीव पुढे म्हणाले. "युनिक्स बनवणाऱ्या डेनिस रिची आणि केन टॉम्पसन यांनी १९७४ सालच्या लेखातच लिहिलंय, की त्यांच्याकडे यंत्रणेचं मूळ एका डिस्कवर आणि लोकांच्या फाइली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर असतात."

मला आईची आठवण झाली. रिची आणि टॉम्पसन यांचे वडीलही बदलीच्या नोकरीत होते की काय, कोण जाणे!

पण उत्साहाच्या भरात आम्ही कळा दाबणार, तोच चिरंजीवांनी कंपनीच्या सूचना वाचल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. हा सबंध जिना दुसऱ्या ड्राइव्हवर नेला, तर पुढे विंडोजची नवी आवृत्ती वरून चढवता येत नाही, असा इशारा तिथे होता. २०१३ साली आठमधून आठ-पूर्णांक-एकमध्ये जाताना ज्यांनी ज्यांनी असे बिऱ्हाड हलवले होते, त्यांना यंत्राने दारातच अडवले होते. म्हणजे आज केलेली सोय उद्या अडचण होणार. शिवाय डी डिस्क कधी बंद पडली, तर घर शाबूत, पण आत जाऊन उभे राहायला खोली नाही, अशी स्थिती.

तेव्हा आम्ही आईचाच मार्ग धरला. खोली मालकाच्या घरातच राहू द्यायची, पेटी मात्र आपल्या खाटेखाली ठेवायची. त्याची रीत सोपी आहे आणि कंपनीलाही मान्य आहे. 'डॉक्युमेंट्स'वर उजवी कळ दाबायची, 'प्रॉपर्टीज' उघडायच्या, त्यात 'लोकेशन' पाहायचे, 'मूव्ह' म्हणायचे आणि डीवरची जागा दाखवायची. तसेच फोटोंचे, तसेच डेस्कटॉपचे. फोल्डर दिसते पूर्वीच्याच जागी, पण आतला ऐवज डीवर असतो. मात्र प्रत्येकासाठी डीवर आधी वेगळे फोल्डर करून घ्यावे लागते. मी घाईघाईने नुसताच डी दाखवायला निघालो होतो. तसे केले असते तर सबंध डीच 'डॉक्युमेंट्स' होऊन बसला असता आणि तो गुंता सोडवण्यात आमची दिवाळी गेली असती. चिरंजीवांनी माझा हात वेळीच धरला. लहानपणी मी त्याचा धरीत असे, तस्साच.

सामान हलले, पण सवयी हलल्या नाहीत. त्या चोरकप्प्यात, जुन्या घरातच राहिल्या. नवे विंडोज मला मुळीच ओळखत नव्हते. माझा आवडता फॉन्ट, माझ्या खुणा, सारे पुन्हा शिकवावे लागले. बदलीच्या नव्या गावी पहिले आठ दिवस दूधवाल्याला घर सापडत नसे, त्याची आठवण झाली.

आता जुन्या डिस्कवरच्या जुन्या खोल्यांतून सामान आणायचे होते. मी माझी खोली उघडायला गेलो, तर यंत्राने मला हटकले. या फोल्डरमध्ये जायची आपल्याला परवानगी नाही! माझी खोली, माझेच नाव, पासवर्डसुद्धा तोच. चिरंजीवांनी खुलासा केला, की यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही. खाते उघडताना ते प्रत्येकाला एक लांबलचक क्रमांक देते, आणि खोलीच्या दारावर तोच क्रमांक कोरलेला असतो. नव्या घरात त्याच नावाने खाते उघडले, तरी क्रमांक नवा. यंत्राच्या दृष्टीने मी माझाच कुणी नव्हतो. खाली एक बटण होते. ते दाबले की कायमचा प्रवेश मिळतो. मी हसत हसत दाबले. सौ.च्या खोलीचेही तसेच केले.

तिसरे फोल्डर होते 'आई'. मी ते उघडले आणि तोच मजकूर आला. परवानगी नाही. पुढे जायचे असल्यास कायमचा प्रवेश घ्यावा.

माझा हात थांबला. आईची पेटी तिच्या हयातीत मी कधी उघडली नव्हती. काही हवे असले, की ती स्वतः पेटी ओढून आणी आणि पदराच्या किल्लीने उघडी. यंत्राचे म्हणणे खरेच होते. मला कुणी परवानगी दिली होती?

सौ. मागे उभी होती. ती म्हणाली, "उघडा. नाहीतर ती माळ्यावरच राहील."

मी बटण दाबले. एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकली आणि दार उघडले. आत फारसे काही नव्हते. 'नवीन फोल्डर' नावाची तीन रिकामी फोल्डरे, नातवाचे दोन फोटो, आणि 'डबे' नावाची एक फाइल. तिच्यात २०१९ पासून २०२२ पर्यंतच्या दिवाळ्यांच्या याद्या होत्या. फराळाचा डबा कुणाकुणाला द्यायचा याचा तो हिशेब होता.

"कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले. चकली नको, दात नाहीत. करंज्या दोन जास्त." "दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. साखर आहे. चिवडा आणि शेवच." "पोस्टमन बदलला. नव्यालाही देणे." एकेका ओळीत एकेक माणूस. आणि प्रत्येक वर्षाच्या यादीच्या शेवटी, न चुकता एक ओळ: "सूनबाईला अनारसे आवडतात. ती सांगत नाही. तिच्यासाठी आधी काढून ठेवणे."

आई गेल्यापासून आमच्याकडे अनारसे झालेले नव्हते. ते जमत नाहीत असे सौ. म्हणे. तिने ती ओळ वाचली, पदर डोळ्यांना लावला आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तांदूळ धुतल्याचा आवाज आला. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते. दिवाळीला अजून वेळ होता.

"नव्या विंडोजवर आजीचं खातं उघडू?" चिरंजीवांनी विचारले. मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "खोली कशाला? पेटी पुरे!"

ते फोल्डर आता डीवर आहे. डी म्हणजे काही ताम्रपट नव्हे; डिस्क ती, एक दिवस बंद पडणारच. सामान हलवले म्हणजे ते जपले गेले असे होत नाही, हेही मी आता शिकलो आहे. म्हणून त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवली, आणि दुसरी बहिणीकडे पाठवली. वाचकांपैकी कुणाचे फोटो अजून डेस्कटॉपवर असतील, तर त्यांनी फराळाला बसण्यापूर्वी एवढे काम उरकून घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

त्या दिवाळीत डबे यादीप्रमाणे गेले. इस्त्रीवाल्यांना करंज्या दोन जास्त. संध्याकाळी मी ती फाइल उघडली, खाली २०२५ असे लिहिले आणि नावे टाइप करू लागलो. शेवटची ओळ मात्र मला लिहावी लागली नाही. सौ.ने ती आधीच पुसून तिच्या जागी दुसरी लिहून ठेवली होती: "अनारसे जमले. थोडे फसले. पुढच्या वर्षी गूळ बेताने."